रूपाली कंडक्टर शाळेची मुलाखत घेते

"शाळा माझी मुलाखत घेणार न्हाय, मी शाळेची घेणार! पोरगी हाय माझी, मेथीची जुडी न्हवं निवडून घ्यायला!"

रूपाली कांबळेनं हे जाहीर केलं तेव्हा ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याशी, हळू आवाजात बोलत होती. म्हणजे गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंतच ऐकू गेलं. अकरा वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईचा हळू आवाज तेवढाच असतो!

नवरा प्रसेनजीत उद्यमनगरात लेथवर कामाला. माणूस इतका मऊ, की दाराला कडी घालतानासुद्धा दाराची परवानगी घेईल. तो चाचरत म्हणाला, "अगं, पण पत्रात 'पालकांची मुलाखत' असं लिवलंय."

"लिवू दे की! गाडीच्या मागं 'सुरक्षित अंतर ठेवा' असंबी लिवलेलं असतंय. कोण ठेवतंय?"

झालं होतं असं, की लेक निशा चौथी पास झाली आणि मुलींच्या दोन नामांकित हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षा देऊन दोन्हीकडं वरच्या यादीत झळकली. एक हेमांगिनी कन्या प्रशाला. जुनी, दगडी, साठ जागांना सातशे अर्ज. दुसरी एलिगन्स गर्ल्स अकॅडमी. नवी, काचेची, माहितीपत्रकावर घोड्यावर बसलेली मुलगी. आता दोन्हीकडं पालकांची मुलाखत तेवढी राहिली होती.

सासूबाईंचं, म्हणजे मीनाबाईंचं मत पक्कं होतं. हेमांगिनीचा वरचा मजला बांधताना त्यांनी तिथं पाट्या वाहिल्या होत्या. "त्या जिन्यावरनं मी शिमिट घिऊन चढलेय," त्या म्हणाल्या, "आता माजी नात दप्तर घिऊन चढू दे." प्रसेनजीतला मात्र घोडा आवडला होता.

पंचाईत एवढीच, की दोन्ही मुलाखती एकाच शनिवारी, अकरालाच! एलिगन्सनं मुलीला घेऊन बोलावलेलं, हेमांगिनीनं फक्त पालकांना. रूपालीनं दोन मिनिटांत ड्यूटी लावली.

"तुम्ही पोरीला घिऊन काचेच्या शाळंत जावा, दगडाची मी बघते. वरिजनल कागद तुमच्याकडं, झेरॉक्स माझ्याकडं. आणि नुसतं बघून यायचं, कळलं? कुठं मान डोलवून बसू नका!"

प्रसेनजीतनं लगेच मान डोलावली.

शनिवारी पहाटेची आजरा फेरी करून रूपाली दहाला स्टँडवर उतरणार, घरी जाऊन साडी नेसणार आणि रुबाबात जाणार, असा बेत. पण उत्तूरच्या पुढं गाडीतच एका पावण्याचं काजूचं पोतं फुटलं! अख्खी गाडी वेचायला वाकली. मग पोत्यात किती गेले आणि खिशांत किती, यावरून जे रणकंदन पेटलं ते निपाणी येईतो विझलं नाही. स्टँडवर उतरायलाच अकरा वाजून गेले. साडी राहिली घरी. रूपाली खाकीतच रिक्षात बसली आणि अकरा वीसला हेमांगिनीच्या गेटवर धडकली.

वॉचमननं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुलाखतीला न्हवं?"

"व्हय."

"मागच्या अंगाला जावा. गणपतराव क्लार्क बसल्यात."

मागच्या खोलीबाहेर बाकावर आणखी दोन बायका होत्या. एकीनं विचारलं, "तुमी पयल्यांदाच?"

"व्हय, एकच हाय मला," रूपाली म्हणाली. बाई जरा विचारात पडली.

आत दोघं बसले होते. गणपतराव क्लार्क, आणि सयाजीराव नावाचे जाड चष्म्याचे सर. रूपाली खुर्ची ओढून अशी बसली, की मुलाखतीला ते दोघंच आलेत!

"अनुभव किती?" सरांनी विचारलं.

"कशाचा?"

"मुली सांभाळायचा."

"दहा वर्सं. एकच हाय, पण दहा जणींना भारी!"

सरांनी 'दहा' लिहून घेतलं. "सकाळी सहाला हजर राहता येईल?"

पालकानं सहाला? रूपालीला शिस्त आवडली. "मी चारला उठते. तुमचं डोळं उघडत्यात का तेवढं सांगा!"

"वाटेत एखादीला उलटी झाली तर?"

आता मात्र ती खूशच झाली. बाकीच्या शाळा म्हणे आईबापांच्या डिग्र्या विचारतात. इथं बघा, मुद्द्याचं विचारत्यात! "आधी पिशवी, मग खिडकी, मग लिंबू. आणि वरडायचं न्हाय. पोरीला आधीच शरम वाटत असती."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एवढं चांगलं उत्तर सकाळपासून कुणी दिलं नव्हतं.

"मुलींनी दंगा केला तर? तुमचा आवाज शेवटपर्यंत पोचेल ना?"

"पोचंल का? थांबा!"

रूपाली उठली, तिनं छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "चलाऽऽ पुढं सरकाऽऽ पुढंऽऽ!"

गणपतरावांच्या टेबलावरचे अर्ज उडाले. भिंतीपलीकडं सातवी ब होती. तिथं खडखड खडखड असा प्रचंड आवाज झाला आणि पाठोपाठ एका बाईंची किंकाळी! अख्खा वर्ग बाकांसकट पुढं सरकला होता आणि बाई फळ्याला चिकटल्या होत्या.

"बास! बास!" गणपतराव कानावर हात ठेवून ओरडले. "घेतलं तुम्हाला!"

"मला कशाला? पोरीला घ्या की!"

"पोरगीपण आलीय व्हय? वय काय तिचं?"

"दहा."

सरांचा चष्मा नाकावरून घसरला. "अहो बाई, दहा वर्षांच्या पोरीला बसवर ठेवायचं? आम्हाला काय आत टाकताय का?"

"बसवर? कुठल्या बसवर?"

"तीन नंबरच्या! स्कूल बसच्या मदतनीस म्हणूनच आलाय न्हवं तुम्ही?"

रूपालीनं खाली मान घालून स्वतःच्या खाकीकडं पाहिलं. त्या कामाचं तिला काही वाईट वाटलं नाही. अकरा वर्षं ती तेच तर करत होती, आणि तेही खड्ड्यांतून! पण गेटवर तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"मुलाखत झाली तुमची," ती म्हणाली आणि तडक जिना चढली. मीनाबाई चढायच्या तो जिना. तिनं दोन दोन पायऱ्या एकदम घेतल्या.

वर मुख्याध्यापिका संयोगिता मॅडम फायली आवरत होत्या.

"निशा कांबळे?" त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "पालक गैरहजर. आता ती जागा पुढच्या मुलीला जाईल."

"गैरहजर? मी अकरा वीसपास्नं तुमच्याच इमारतीत हाय, मॅडम! सातवी बला इचारा!"

"म्हणजे तो आवाज..."

"माझाच! गेटवर खाकी बघितली आणि मला मागं धाडलं. साडी नेसून आले असते तर पुढं धाडलं असतं. पोरीनं परीक्षा दिली ती का माझ्या कापडावर दिली?"

मॅडम ओशाळल्या. "अहो, गैरसमज झाला. बसा तुम्ही. पालक म्हणून तुमची शाळेकडून काय अपेक्षा आहे?"

"लई न्हाय. गेटवर आलेल्या बाईला आधी इचारा, 'बाई, काय काम हाय?' मग सांगा, पुढं जा का मागं जा. पोरीला एवढं शिकवलंसा तरी मला चालंल. आणि न्हाय घेतलंसा तरी मी उद्या परत येणार, ह्याच कापडात, म्होरल्या दारानं!"

मॅडमनी यादी पुढं ओढली, 'गैरहजर' खोडलं आणि पेन फिरवलं. "प्रवेश दिला. एक वाजेपर्यंत मूळ दाखला जमा करा."

रूपालीला पंख फुटले! तिनं जिन्यातूनच नवऱ्याला फोन लावला. "अहो, घेतली! वरिजनल दाखला घिऊन निघा!"

"दाखला... मी इथं दिला," प्रसेनजीत म्हणाला.

"दिला? नुसतं बघून या म्हटलं होतं की!"

"अगं, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि 'सर' म्हणाले. मला, रूपाली! एकोणीस वर्सं लेथवर काढली, कुणी सर म्हटलं नव्हतं. मग मागितला तो दाखला. न्हाय कसं म्हणू?"

मागून निशाचा आवाज आला, "आई, हितं घोडा न्हाय! मी दाखवा म्हटलं तर फोटोपुरता आणलेला म्हणाले! मला न्हाय जायचं हितं!"

पुढच्या नऊ मिनिटांत रिक्षा एलिगन्सच्या काचेच्या दारात उभी होती. आत काय झालं हे कुणी नीट सांगत नाही. बाहेरच्या नारळवाल्यानं एवढंच ऐकलं: "दाखलाऽऽ!" चौथ्या मिनिटाला रूपाली दाखला झेंड्यासारखा उंच धरून बाहेर आली. मागं नवरा आणि लेक. तिघं रिक्षात कोंबली गेली आणि एकला पाच कमी असताना हेमांगिनीच्या ऑफिसात दाखला जमा झाला, पावती मिळाली, शिक्का बसला!

बाहेर पायरीवर येऊन रूपालीनं रुमालानं तोंड पुसलं. दोन शाळा एका दुपारी लोळवल्या होत्या! प्रसेनजीत बायकोकडं कौतुकानं बघत राहिला. निशानं आईची बाही ओढली.

"आई, तू आतनं बघितलीस की. कशी हाय गं शाळा? बाई शिकवत्यात कशा? लायब्ररी किती मोठी हाय? प्रयोगशाळा हाय?"

रूपालीनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खरोखरच हळू आला.

"गाड्यांची सोय लई चांगली हाय, बाळा."