धोटेजींची सोयरीक

आमच्या शेजारचे धोटेजी सकाळी घरी आलेल्या माणसाला आधी श्वास रोखायला सांगतात, मग बसायला. रेल्वेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ पांढुर्ण्यात, भर संत्र्याच्या मुलखात, अंगणातल्या दोन झाडांवर कोको पिकवायला निघाला आहे.

कोकोचं फूल थेट खोडावर येतं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याचा पराग इकडून तिकडे नेणारी चिलटं आमच्या उन्हात टिकत नाहीत, म्हणून त्यांची ड्युटी धोटेजी करतात. डोळ्याला भिंग, हातात काटा काढायचा चिमटा. विहिरीकडच्या झाडाचं फूल तोडायचं आणि त्याचा पराग दाराजवळच्या झाडाच्या फुलाला अलगद लावायचा. एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला लावला की फूल गळून पडतं. "सगोत्र जमत नाही, सर," असं ते मला, म्हणजे शाळामास्तराला, रोज ऐकवतात.

लग्न लागलेल्या फुलावर ते औषधाच्या बाटलीचं टोपण बसवतात. पहिल्या वर्षी टोपणं पुरणपोळीच्या उरलेल्या कणकेने चिकटवली. मुंग्यांनी कणीक खाल्ली आणि वर फुलंही फस्त केली. तेव्हापासून माती लावतात. मी एकदा तिथे शिंकलो, तर आमच्यात आठवडाभर अबोला होता.

यंदा मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दाराजवळचं झाड वाळत चाललं होतं. ते काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कोकणातल्या बहिणीकडून आणलेलं. कैक वर्षं ते एकटंच फुलायचं, फळ कधी धरलं नाही. विहिरीकडचं धोटेजींनी आणलं, पण तोवर काकू गेल्या होत्या. आता बी न देताच काकूंचं झाड जाणार, ही धास्ती.

परवा त्यांनी हाक मारली. "या सर. आज श्वास घेतला तरी चालते."

वाळक्या खोडावर बोटभर हिरवं फळ धरलं होतं. धोटेजी त्याच्याकडे बघतच राहिले.

"आमाले लेकरू नाही ना. लोकं हिले म्हणत, तुहं झाडबी तुह्यासारखंच. बिचारी काही बोले नाही, पाणी टाकत राहे. झाडात काही खोट नव्हती, सर. ते एकटं होतं."

मग ते म्हणाले, "बाईंले पाठवा, याची ओटी भराची हाय. हिले कोणी बोलावलंच नाही कधी ओटीले."

माझी बायको हिरवा खण, तांदूळ, नारळ घेऊन गेली. खोडाला खण बांधताना तिचे डोळे भरून आले, तिने नाक ओढलं. मागून धोटेजींचा आवाज आला, "हळू, बाई. शिंकजा नका."