हिराक्लिटसचा खारेपाटापुरता अपवाद

जे ज्ञान मोठ्यांना पचत नाही ते लहानांना लवकरात लवकर द्यावे, हे शिक्षणशास्त्राचे एक निर्विवाद तत्त्व आहे. या तत्त्वास अनुसरूनच १९३१ साली कुलाबा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा परिचय करून देण्याचे कार्य 'बालतत्त्वबोध मंडळा'ने हाती घेतले. ग्रीक विचारांचा प्रभाव जगावर चोवीसशे वर्षे टिकून आहे, असे मंडळाच्या पत्रकात म्हटले होते. धरमतर खाडीकाठच्या खारेपाटातील, म्हणजे भरतीच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातील, पाचखार गावी तो तोवर पोहोचला नव्हता, याचे कारण एवढेच की तेथे जाण्यास रस्ता नव्हता.

मंडळाने 'ग्रीक ज्ञानमुकुल' या नावाचे एक सुबक पुस्तक काढले. त्यात सात तत्त्वज्ञ होते व प्रत्येकास चार पाने दिली होती. (सॉक्रेटिसला प्रथम पाच होती, पण विषाचा प्याला मुलांच्या प्रकृतीस मानवणार नाही, म्हणून शेवटचे पान गाळण्यात आले. त्या पुस्तकात तो अद्याप जिवंत आहे.) प्रत्येक तत्त्वज्ञाखाली एक प्रश्न व त्याचे एक मान्य उत्तर छापले होते. प्रश्न विचारीत राहणे हा ग्रीक विचाराचा प्राण असल्यामुळे, मुलांनी याहून अधिक प्रश्न विचारू नयेत, अशी सूचना प्रस्तावनेत होती.

सहा महिन्यांनी पाचखारच्या हरेश्वर मास्तरांनी प्रगतीचा तक्ता पाठविला. पटावरील मुले एकेचाळीस. 'हिराक्लिटस' हे नाव उच्चारू शकणारी सतरा. त्याला आपल्या भावकीतला समजणारी सहा (गावात हिरामण आणि हिराजी पुष्कळ आहेत). विचार करताना आढळलेली एक. या शेवटच्या नोंदीबद्दल मंडळाने मास्तरांकडे खुलासा मागितला.

ही एक म्हणजे चौथीतली कमळ. तिचा बाप हिरामण मिठागरावर कामाला होता. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, बांधातली उघाडी, म्हणजे लाकडी झडप, लावून ते कोंडायचे आणि उन्हात आटवायचे, हे त्याच्या घरात तीन पिढ्या चालले होते. मंडळाच्या परीक्षेत जे उत्तम ठरतील त्यांच्यासाठी अलिबागच्या इंग्रजी शाळेत बारा विनामूल्य जागा होत्या. कमळला जागा मिळाली तर राहायला मास्तरांच्या बहिणीचे, चंद्राबाईंचे, घर ठरले होते. न मिळाली तर आईबरोबर मिठाच्या पाट्या वाहण्याचे ठरले होते. दोन्ही व्यवस्था चोख होत्या.

सहा उत्तरे तिने छापल्याप्रमाणे लिहिली. सातवा प्रश्न हिराक्लिटसचा, त्याच्या वाहत्या नदीवरून काढलेला, असा होता: 'एकाच पाण्यात दोनदा उतरता येते काय? सकारण लिहा.' मान्य उत्तर 'येत नाही' एवढेच होते. ('सकारण लिहा' हे शब्द छापखान्याच्या चुकीने पडले होते, आणि जिल्ह्यातील इतर सर्व विद्यार्थ्यांनी ते समजूतदारपणे चूक म्हणूनच वाचले.) कमळने लिहिले: 'येते. आमच्या गावी नदी नाही, खाडी आहे. सकाळी गेलेले पाणी संध्याकाळी परत येते.'

चुकीच्या उत्तरास शून्य द्यावे, असा नियम होता. परंतु चुकीच्या उत्तराला कारण जोडलेले असल्यास काय करावे, याविषयी नियमावली मूक होती. तेव्हा चिटणीस बाळाजीपंत यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची उपसमिती नेमून तिला पाचखारला पाठविण्यात आले.

उपसमिती सकाळी नऊच्या सुमारास होडीने आली. भरती नुकतीच उतरू लागली होती. होडीतून उतरताना बाळाजीपंतांचा उजव्या पायातील नवा पंपशू पाण्यात पडला आणि पाण्याबरोबर निघून गेला. उरलेल्या बाळाजीपंतांना हिरामणने पाठीवर घेऊन कोरड्या जागी ठेवले. थोड्याच वेळात होडी चिखलात बसली, आणि उपसमिती शाळेत. पाणी येईपर्यंत दोहोंनाही हलता येईना. इतिवृत्तात या आठ तासांची नोंद 'प्रत्यक्ष निरीक्षण' अशी आहे.

या अवधीत हिरामणने दारातूनच एक शंका विचारली. "साहेब, गेलेला पानी परत येत न्हाय, तर आमी आटवतो काय?" शंकेत वजन आहे; हिराक्लिटस खरा मानला तर मीठखाते बंद करावे लागेल, असे एका सदस्याने बोलून दाखविले. (त्या सुमारास मीठ हा विषय नाजूक असल्यामुळे हे वाक्य इतिवृत्तातून वगळले आहे.)

सायंकाळी पाच वाजता पाणी आले. त्याबरोबर पंपशूही आला आणि उघाडीपाशी अडकून राहिला. कमळने तो टाचेला धरून आणला व बाळाजीपंतांपुढे ठेवला. बाळाजीपंतांनी जोडा ओळखला, पण खाऱ्या पाण्याने तो असा आखडला होता की तिघांनी मिळून जोर केला तरी पायात जाईना. यावरून उपसमितीने एकमताने दोन निष्कर्ष काढले. एक, तेच पाणी परत येते. म्हणून मुलीचे म्हणणे बरोबर आहे. दोन, त्याच जोड्यात दोनदा पाय घालता येत नाही. म्हणून हिराक्लिटसचेही बरोबर आहे.

बाळाजीपंत मनाने मृदू होते. मुलीचे नुकसान व्हावे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली, आपला टाक तिच्या हाती दिला आणि जुने उत्तर खोडून त्या जागी फक्त 'येत नाही' असे लिहायला सांगितले. एवढे केले की जागा तिचीच होती.

कमळने विचारले, "लिवते. पन खरा हाय का ते?"

"खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, मुली," बाळाजीपंत म्हणाले. "हे तत्त्वज्ञान आहे."

तिने बापाकडे पाहिले. हिरामण हलक्या आवाजात म्हणाला, "लिव बाय. पानी काय वाचायला येनार हाय?"

कमळने टाक दौतीत बुडविला. मग तिने जुने उत्तर खोडले आणि लिहिले: 'नदीत येत नाही. खाडीत येते.' बाळाजीपंतांनी पहिल्या वाक्यावर बरोबरची खूण केली, दुसऱ्यावर फुली मारली आणि नियमाप्रमाणे दोन्ही मिळून शून्य दिले.

मंडळाने मात्र सत्याची उपेक्षा केली नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत हिराक्लिटसखाली तळटीप आली: 'हा सिद्धान्त खारेपाटास लागू नाही.' या शोधाबद्दल बाळाजीपंतांचे आभारही मानण्यात आले. कमळचे उत्तर आता बरोबर होते, तेव्हा निकाल बदलावा, असा अर्ज हरेश्वर मास्तरांनी केला. त्यावर, विद्यार्थिनीने परीक्षा पहिल्या आवृत्तीवर दिली होती, असा शेरा आला. बारापैकी अकरा जागा भरल्या. बारावी, पात्र उमेदवार न मिळाल्यामुळे, रिकामी राहिली. होळीनंतर कमळ पाट्या वाहू लागली.

ते अकरा जण पुढे चांगले शिकले. शिकलेली माणसे जिल्ह्यात याच रीतीने निवडली जातात, आणि पुस्तके विकत घेऊन वाचणारा वर्गही त्यांतूनच तयार होतो. त्यांच्याविषयी कोणतीही तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. हे पान ज्या अर्थी आपण कुठेही न अडखळता येथवर वाचीत आला आहात, त्या अर्थी आपलेही उत्तर 'येत नाही' हेच होते, हे उघड आहे. आपले अभिनंदन.