चौऱ्याऐंशी पुशअप आणि पाठमोरी समिती

पहाटेच्या शांततेत मांडणीवरच्या कपबशा किणकिणल्या.

राष्ट्राचं संरक्षण ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिची सुरुवात घरापासून होते, असं जाणती माणसं सांगतात. आमच्याकडे ती मधल्या खोलीपासून होते, पावणेपाचला. आम्ही देवळाली कॅम्पच्या अलीकडे मळ्यात राहतो. इथे कपबशा वाजायला वर्षानुवर्षं एकच कारण होतं, तोफखान्याचा सराव. दिवाळीनंतर त्यात दुसरं कारण वाढलं. माझी धाकटी नणंद उज्वला. तिला नौदलात जायचं आहे.

(नौदलात. आमच्या घराण्याने आजवर पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे गंगापूर धरण. तेही सहलीला जाऊन नव्हे, शेतीला पाण्याचं आवर्तन सोडत नाहीत म्हणून मोर्चा घेऊन.)

लेखी परीक्षा ती पास झाली. याचं घरात कुणाला विशेष वाटलं नाही, कारण अभ्यास करताना ती कुणाला दिसलीच नव्हती. झेंडू खुडताना तेवढी दिसायची. मग मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. धावण्याची चिंता नव्हती, कोथिंबिरीच्या जुड्या कवेत धरून सुटलेल्या टेम्पोमागे धावण्याचा तिला पाच वर्षांचा अनुभव आहे. अडचण एकाच ठिकाणी होती. दहा पुशअप. आणि आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधीच जाहीर करून टाकलं होतं, "पास झाली तर जाय, कुठंबी जाय. नाय झाली तर सटाण्याचं स्थळ. एकदाच काय ते."

सटाण्याचं स्थळ म्हणजे राकेश. मुलगा निर्व्यसनी, कांद्याच्या तीन चाळी, आणि बायकोने घराबाहेर पडू नये इतकीच अपेक्षा. (इतक्या कमी अपेक्षा असलेली स्थळं हल्ली मिळत नाहीत, असं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं.)

आमच्याकडे एखादी गोष्ट एकट्या माणसाने केली तर ते नुसतं काम होतं. चौघं बसून असतील तरच तिची सुधारणा होते. तेव्हा समिती स्थापन झाली. अध्यक्ष आबा, हे तरुणपणी नेमाने तालमीत जात (दूध प्यायला, अशी सासूबाईंची दुरुस्ती). तज्ज्ञ सदस्य शेजारचे चिमाजीतात्या. त्यांना लष्कराचा एकतीस वर्षांचा अनुभव, मेसला भाजी घालण्याचा. चिटणीस माझे यजमान अमोल, कारण त्यांच्या फोनमध्ये पुशअपचे व्हिडिओ होते. तिन्ही सदस्यांचे आजन्म पुशअप मिळून एक. तो अमोलने प्रात्यक्षिक म्हणून मारला. त्यातला खाली जाण्याचा भाग निर्दोष होता.

पहिल्याच पहाटे पेच पडला. विशीतली पोर जमिनीवर पालथी पडून वर-खाली होणार आणि तीन बाप्ये समोर बसून बघणार, हे सासूबाईंना पटेना.

"पोरीची जात हाय," त्या म्हणाल्या. "बघायचं काय त्यात डोळे फाडून?"

समितीने सर्वांचा मान राहील असा तोडगा काढला. तिन्ही सदस्य भिंतीकडे तोंड करून बसतील. सुधारणा त्यांच्या पाठीमागे चालेल. मोजणी कानाने होईल. मांडणीवरच्या कपबशा एकदा वाजल्या की एक पुशअप.

ही पद्धत किती सुसंस्कृत आहे ते ध्यानात घ्यावं. लाज राहिली आणि देखरेखही राहिली. कितीतरी मोठ्या संस्था इतक्या पहाटे उठत नाहीत.

"खाली जाताना श्वास घ्यायचा," अमोल भिंतीला सांगायचे.

"चूक," तात्या त्याच भिंतीला म्हणायचे. "फौजेत श्वास घेत नाहीत. एकतीस वर्षांत मला एकजण घेताना दिसला नाय."

"उज्वले, ताकद मनगटात नाय, मनात पायजे," असं आबांनी म्हटलं की भिंत गप्प व्हायची आणि मी चहा ठेवायची.

माझ्या अंदाजाप्रमाणे एकूण सुधारणेत सल्ला सत्तर टक्के, सल्ल्यावरचा वाद वीस टक्के आणि चहा नऊ टक्के होता. उरलेला एक टक्का उज्वलाचे दंड.

पण यशाला नावं ठेवता येत नाहीत. पहिल्या दिवशी कपबशा अकरा वेळा वाजल्या. आठवड्यात तीस. आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी चौऱ्याऐंशी! आबांचे डोळे भरून आले. ते डोळे भिंतीने पाहिले.

"आबा," मागून उज्वला म्हणाली, "मी अजून सुरूच नाय केलंय. केस बांधत होते. कॅम्पात फायरिंग चाललंय."

"नम्रपणा हाय पोरीत," आबा तात्यांना म्हणाले.

दुपारपर्यंत चौऱ्याऐंशीचा आकडा भाजीबाजारात पोचला, संध्याकाळी मेसमध्ये आणि दोन दिवसांत सटाण्याला. तिथून राकेशच्या वडिलांचा फोन आला. "कौतुक शे पोरीचं," म्हणाले. "पण एवढं केल्यावर भाकरी थापायला हात राहतात ना?"

त्याच आठवड्यात भांडी घासताना उज्वला मला हळूच म्हणाली, "वहिनी, तू बघ ना माझ्याकडे एकदा." जणू काही भलतंच मागत होती.

"बघतेय की."

"तसं नाय गं. मारताना बघ. मी काय करते ते मला कळतच नाय. पाठ सरळ राहते का वाकते?"

दुपारी घर झोपलं की आम्ही गोठ्यात जायला लागलो. साडेचार वर्षांची तेजू, माझी मुलगी, लाटणं घेऊन मागोमाग यायची. (लाटणं कशाला, ते तिचं तिलाच ठाऊक. ती काहीतरी घेऊनच निघते.) मी पहिल्यांदा उज्वलाकडे नीट बघितलं. तिची पाठ झोळीसारखी लोंबत होती. छाती वरच, आणि पोट आधी जाऊन जमिनीवर आपटत होतं. इतके दिवस कपबशा त्या आपटण्याने वाजत होत्या. मी तेजूच्या हातातलं लाटणं घेऊन उज्वलाच्या कमरेवर आडवं ठेवलं. ते घरंगळून मानेवर आलं. तेजू खदखदून हसली, "परत! परत!"

लाटणं न पडता, पोट न आपटता, पूर्ण खाली जाऊन पूर्ण वर आलेले पुशअप झाले तीन.

"तीनच?" उज्वलाने कडब्यात तोंड ठेवून विचारलं.

"तीन."

ती तशीच पडून राहिली. तिच्या गालाला कडब्याची काडी चिकटली होती. तेजूच्या गालावरची काढते तशी मी ती काढली. तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, "पण हे तीन माझे ना?"

इथून पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडत गेली. गोठ्यात आकडा चढू लागला आणि घरात तो उतरू लागला. यात दोष कुणाचाच नाही. बरोबर मारलेल्या पुशअपला आवाज नसतो. अंग खाली येतं, जमिनीच्या चार बोटं वर थांबतं आणि मांजरासारखं निघून जातं. एका पहाटे उज्वलाने समितीच्या पाठीमागे असे सहा मारले.

"सुरू कर की," आबा म्हणाले.

"झाले, आबा. सहा."

"कपबशी कुठं वाजली?"

तातडीची बैठक बसली. चौऱ्याऐंशीवरून शून्य, ही घसरण गंभीर होती. अमोलच्या मते दोष फोनचा (तिच्या). तात्यांनी वांग्याच्या भाजीवर संशय घेतला, कारण मेसमध्ये वांगं कमी जायचं. आबा म्हणाले, पोरीचं चित्त थाऱ्यावर नाही. उपाय म्हणून समितीने सकाळ-संध्याकाळ अशी दोनदा भिंतीकडे बसायचं ठरवलं.

उज्वलाने मग मधला मार्ग काढला. समितीसमोर, म्हणजे समितीमागे, ती मांडी घालून बसायची आणि तळहाताने फरशीवर शांतपणे ऐंशी-ब्याऐंशी थापा मारायची. कपबशा वाजायच्या. सदस्य माना डोलवायचे. दुपारी ती गोठ्यात येऊन पुशअप मारायची. घरच्यांचं समाधान हा एक वेगळा व्यायाम आहे आणि तो मुलींना कुठल्याही अकॅडमीत न जाता येतो.

चाचणीला तिच्यासोबत अमोल गेले. धावणं झालं, बैठका झाल्या. पुशअप नऊ झाले. दहाव्याला ती खाली गेली आणि कोपरं तिथेच राहिली.

हे सगळं मला तिने घरी आल्यावर, चप्पल काढायच्या आधी, पडवीत उभ्याने सांगितलं. रडली नाही. एकच गोष्ट दोनदा सांगितली. "वहिनी, तिथल्या मॅडम ना, खाली बसून बघत होत्या. पार जमिनीला डोकं लावून. म्हणाल्या, फॉर्म एकदम सही है, बस एक कम पडा." शर्यतीत कप मिळाल्यासारखं सांगत होती.

वयाच्या हिशोबाने तिला पुढच्या वर्षीची एक भरती उरली होती. ती द्यायची की सटाण्याला होकार कळवायचा, यावर संध्याकाळी समिती बसली. या वेळी तोंडं खोलीकडे होती, कारण बघण्यासारखं काही चाललेलं नव्हतं.

"चौऱ्याऐंशी," आबा म्हणाले. "आणि तिथं जाऊन नऊ."

"सात आठवड्यांत पंच्याहत्तरची घट," अमोलने फोनवर हिशोब केला. "याच गतीने पुढच्या वर्षापर्यंत गेलो तर आकडा शून्याच्या खाली जातो, आबा. पाचशे-साडेपाचशे खाली."

"वजा माणूस फौजेत घेत नाहीत," तात्यांनी अनुभव सांगितला.

या तर्कात मला आजही चूक काढता येत नाही.

"आबा, एकच कमी पडला हो," उज्वला म्हणाली.

"एक? पंच्याहत्तर कमी पडले की गं! आम्ही काय बहिरे हाये का?"

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर तेजू होती, हातात तिची वेणी होती आणि दातात रिबीन. मी रिबीन काढली.

"तिचे तीन होते, आबा," मी म्हणाले. "चौऱ्याऐंशी कधीच नव्हते. तिनाचे नऊ झालेत."

आबा माझ्याकडे वळले.

"तुला काय माहीत?"

"मी बघितलंय."

"कुठं?"

"गोठ्यात. दुपारी."

समितीने लगेच अधिक महत्त्वाचा विषय हाती घेतला. घरची सून रोज दुपारी गोठ्यात काय करते, आणि तेव्हा लेकराकडे कोण बघतं? (लेकरू तिथेच होतं. लाटण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती.) अमोलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना न विचारता फ्रीज आणला होता.

"मीबी बघितलंय," सासूबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात कोथिंबीर निवडत होत्या. मान वर केली नाही.

"खिडकीतून. रोज. मला दुपारची झोप लागती कुठं?" त्यांनी एक पिवळी काडी बाजूला टाकली. "पहिल्या दिवशी तीनच मारले तिनं. नंतर पाच. मग लाटणं पडायचं थांबलं. आता राहिलाय तो एक मारू द्या तिला."

"अन् सटाण्याला काय सांगू?" आबा म्हणाले.

"सांगा, थांबा म्हणून. कांदा राहतो ना चाळीत सहा-सहा महिने? मग त्या राकेशला काय धाड भरलीय?"

 आबांनी फोन मागून घेतला, बाहेर ओट्यावर गेले आणि सटाण्याला एक वर्ष थांबायला सांगून आले. आत येऊन त्यांनी ठराव मांडला तो असा: समितीच्या अचूक मार्गदर्शनामुळे तिनाचे नऊ झाल्याबद्दल समितीचं अभिनंदन. एकमताने मंजूर. तात्यांनी चहा मागितला.

इथवर ज्यांनी वाचलं त्यांनीही मनातल्या मनात आकडे धरले असतील. चौऱ्याऐंशी, तीन, नऊ, एक कमी. दहावा होईल की नाही याची थोडी हुरहूरही लागली असेल. चांगल्या माणसांचं असंच असतं. आमच्या समितीत एक जागा अजून रिकामी आहे, भिंतीपाशी. यायचं तर पावणेपाचला यावं, चहा मिळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गोठ्यात गेलो. उज्वलाने ओढणी कमरेला कसून बांधली, तळहात जमिनीवर टेकवले आणि अंग सरळ केलं. मी बघायला खाली वाकले. तेजू मात्र आज परत, परत म्हणेना. ती आत्याच्या तोंडासमोर उकिडवी बसली, बराच वेळ तिला न्याहाळत राहिली आणि मग माझा पदर ओढून म्हणाली,

"आई, आत्याला कशाला जायचंय गं समुद्रावर? तू विचारलंस तिला?"