प्रत्येक मुलीमागे एकच

"हे बघ, नियम म्हणजे नियम," मावशी म्हणाली. "ज्याने आधी विचारलं, त्याची भेट आधी. प्रत्येक मुलीमागे एकच मुलगा, सगळ्यात जुना अर्ज ज्याचा तो. रविवारी अकराला सगळ्या भेटी उरकायच्या. कर पटकन यादी!"

मावशीचं विवाह मंडळ होतं आणि तिथला संगणक भाचा सांभाळायचा. एरवी असल्या याद्या तो चहा पिता पिता काढायचा, पण आज भाचेबुवांनी चहाला हातही लावला नव्हता. कारण मुलींमध्ये एक दातांची डॉक्टर होती. तिचा फोटो संगणकात चढवला त्याच दुपारी पठ्ठ्याने स्वतःचा अर्ज भरून टाकला होता. आपण पहिले, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. हाताने आपलं नाव घालणं सोपं होतं हो, पण उद्या कोणी नाकं मुरडायला नकोत. संगणकालाच सांगू दे, असं त्याने ठरवलं.

मग त्याने हुकूम सोडला: अर्जांचे गट पाड आणि प्रत्येक गटातला सगळ्यात जुना अर्ज काढ.

"झालं का?"

"झालं. एकदा नजर टाकतो आणि..."

"तू काय परीक्षेला बसलायस? लाव पाठवायला!"

निरोप रविवारी सकाळी नऊला आपोआप जायचे होते, तसे ते गेले. भाचा तेव्हा गालाला फेस लावून आरशापुढे उभा होता. फोन वाजला. 'आज अकरा वाजता आपली भेट: कुमारी चाचणी, वय दोनशे वर्षे, उंची नऊ फूट.'

वस्तरा हातातच राहिला. ही कुमारी त्यानेच जन्माला घातली होती. तीन वर्षांपूर्वी, यंत्रणा चालते का बघायला, तिच्यासाठी पहिला अर्जही त्याने आपल्याच नावाने भरला होता. आता काय झालं ते त्याच्या लख्ख ध्यानात आलं आणि त्याने मावशीला फोन लावला.

"मावशी, घोळ झाला! गट मुलींचे पाडायचे होते, मी मुलांचे पाडले. प्रत्येक मुलाला त्याने सगळ्यात आधी विचारलेली मुलगी मिळाली."

"मग बिघडलं काय त्यात?"

"पाच जणांनी सगळ्यात आधी त्या डॉक्टरलाच विचारलं होतं. पाचही जण अकराला तिच्या दवाखान्यात टपकणार!"

"अगं बाई! म्हणूनच आपल्या यादीतली ती शिक्षिका मघाशी फोनवर विचारत होती, माझ्याकडे कोणीच कसं नाही म्हणून. जा मेल्या, निस्तर!"

जाण्याआधी त्याने गट सुधारून यादी पुन्हा काढली. डॉक्टरपुढे त्याचंच नाव आलं, दुसऱ्यापेक्षा चार मिनिटांनी आधी. कागद खिशात कोंबून तो अर्ध्या दाढीनिशी पळत सुटला.

दवाखान्यात बाकावर पाच जण फुलं घेऊन बसले होते आणि एकमेकांना फोन दाखवत होते. "मी पहिला!" "अहो, मलाही तेच आलंय!" पांढऱ्या कोटातली डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आणि तुम्ही कोण?"

"मी... यादी मी काढली. चूक माझी आहे. या सगळ्यांची आणि तुमची माफी मागतो."

"मग खरा पहिला कोण?"

भाच्याला खोटं बोलवेना, म्हणून त्याने खिशातला कागद पुढे केला. तिने वाचला आणि पाच जणांना ऐकवला.

"वा रे वा!" बाकावरून एकच गलका झाला. "यादी काढणाराच पहिला? घरचंच राज्य आहे की!"

संपलं सगळं, भाच्याने मनाशी म्हटलं. त्याला रडूच यायला लागलं. डॉक्टरने पाचही जणांना नम्रपणे वाटेला लावलं आणि मग ती त्याच्याकडे वळली.

"सकाळपासून मीच पहिला, मीच पहिला ऐकून कान किटले. चूक माझी म्हणणारे आलात तेवढे तुम्ही. बसा त्या खुर्चीत. आ करा."

त्याने आ केला. तिने आरसा आत घातला, दिवा ओढला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"दाढ चांगलीच किडलीय. पाच-सहा वेळा तरी यावं लागेल."

"नक्की?" भाच्याने आ तसाच ठेवून विचारलं. "बाकीच्याही बघा ना जरा!"