अंगावरच्या कपड्याचे पैसे

आजींना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे आजी स्वतःच सांगत, तेही दिवसातून दोनदा, म्हणजे खरंच असणार!

उभा जन्म शिलाईत गेलेला. कापडवाला गज सरकवायला लागला की त्याचा हात धरायचा, हा त्यांचा बाणा. त्यामुळे नातीच्या लग्नासाठी विमानाचं तिकीट काढायची वेळ आली, तेव्हा फोनवर बोट आजोबांचं आणि हुकूम आजींचा!

तिकीट मिळत होतं भाजीच्या भावात. आजी खूश. पण फोन काही गप्प बसेना.

"अगं, खुर्ची निवडायचे वेगळे म्हणतायत."

"का? नाहीतर उभ्याने नेणारेत?"

"खिडकीजवळ हवी असेल तर..."

"बाहेर काय आहे, ढगच ना? ते घरून दिसतात, फुकट! पुढे चला."

"आधी चढायचं असेल तर..."

"आधी चढलं की आधी पोचतं का हो? पुढे!"

"विमा?"

"मरायचं असतं तर घरीच मेले असते, तिकीट कशाला काढलं असतं?"

"आणि बॅगेचे वेगळे."

इथे आजींचा पारा चढला. "माणूस नेतात आणि त्याची बॅग नाही? बॅग काय पायी येणार आहे? एक छदाम द्यायचा नाही, सांगून ठेवते!"

एवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. आजी धावल्या. परत आल्या तर तिकीट निघालेलं आणि आजोबा चष्मा पुसत बसलेले.

बॅगेत होता नवरीचा झगा. मोतिया रंगाचा, घेर असा की खाली अख्खं बिऱ्हाड मावावं! तीन महिने आजींचे डोळे त्यात गेले होते. माप घ्यायला नात जवळ नव्हती, पण ती हुबेहूब आजींच्या बांध्यावर गेलेली. मग आजींनी आरशासमोर उभं राहून स्वतःच्याच अंगावर बेतला. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. झगा नाही पोचला तर नात उभी राहणार कशात?

विमानतळावर रांगेत पुढे एक ढेरपोटे गृहस्थ होते. त्यांची बॅग मापाच्या लोखंडी चौकटीत बसेना. ते बॅगेवर बसले, तरी बसेना! शेवटी पैसे मोजताना त्यांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

"ऐकलंत? तिकिटापेक्षा बॅग महाग!" आजी कुजबुजल्या.

"अगं, मी काय म्हणतो..."

"तुम्ही काही म्हणू नका! धरा रांग!"

आणि आजी बॅगेसकट बायकांच्या स्वच्छतागृहात गडप.

बाहेर आल्या त्या नवरी होऊन! पांढरा अंबाडा, पायात चालायचे बूट, मागे झग्याचं दोन हात लांब शेपूट आणि काखेत रिकाम्या बॅगेची घडी. रांग दुभंगली. आजोबांच्या हातातून चष्मा पडला.

"अगं, ऐक तरी..."

"शेपूट उचला!"

काउंटरवरच्या मुलीने आधी आजींकडे पाहिलं, मग संगणकाच्या पडद्याकडे. "आजी, पण तुमच्या नावावर तर..."

"पण नाही नि बिण नाही! अंगावरच्या कपड्याचे पैसे घेता का तुम्ही? घेता का?"

"नाही हो, पण..."

"मग झालं तर!"

मुलीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे. मुलीला काय वाटलं कोण जाणे, ती गोड हसली, "अभिनंदन हं दोघांचं!" म्हणाली आणि पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या दिल्या. खिडकीजवळच्या. फुकट!

विमानात तर कहरच. हवाईसुंदरीने भोंग्यावरून सांगितलं, "आज आपल्यासोबत एक नवं जोडपं आहे." अख्ख्या विमानाने टाळ्या पिटल्या! कोपराला ठिगळ लावलेल्या कोटातले नवरदेव लाजून लालबुंद. मघाचे गृहस्थ मुद्दाम उठून आले.

"आजी, ही युक्ती मला आधी सांगायची होती!"

"सांगितली असती हो, पण तुम्हाला कमरेत झाला नसता!"

सगळा प्रवासभर आजी ढग बघत होत्या. बरे होते, घरच्यापेक्षा.

उतरल्यावर आजोबा शेपूट सांभाळत हळूच म्हणाले, "एक सांगू? बॅगेचे पैसे मी भरले होते. दूध उतू गेलं ना, तेव्हाच."

आजी गचकन थांबल्या. "मग इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"दोनदा सांगायला गेलो, तू बोलू दिलं नाहीस."

"आणि विमानात?"

"विमानात टाळ्या वाजत होत्या." आजोबांनी शेपटावरची धूळ झटकली. "आपल्या लग्नात तू शेजारणीच्या उसन्या कपड्यात उभी होतीस. म्हटलं, आज राहू दे."

आजींनी त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली. हे बहुधा पहिल्यांदाच!

इतक्यात नात धावत आली. आधी किंचाळली, मग हसत गळ्यात पडली. "आजी! सुरकुतीसुद्धा नाही गं! पण बॅगेसाठी विमानवाल्यांनी लुटलं असेल ना?"

आजींनी हनुवटी वर केली.

"मी? मी एक छदाम दिला नाही!"

शब्द न् शब्द खरा होता. आजोबांच्या बरगडीत मात्र त्याच वेळी आजींचं कोपर बसलं, आणि ती लग्न उरकेपर्यंत दुखत होती.