जावयाची लोकर

हरिबाच्या पिकअपचा सायलेन्सर फुटून महिना होऊन गेला होता आणि तेवढ्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती. गाडी बंद असली तरी सगुणाबाई ओरडूनच बोलायची.

"पाव्हणं ह्या गाडीत बसवून आननार तुमी?"

"मग काय बैलगाडी धाडू दौंडला?"

"हितवर येस्तवर बहिरी व्हतील ती. पोरीनं नाव सांगितल्यालं बी ऐकू येयाचं न्हाई त्यांला."

रविवारी साधनाला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा हनुमंत दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला होता. बाप गेणबा रेल्वेच्या गँगमधून रिटायर झालेला. आई झुंबरबाई. एकाच मुलाचं घर, राहायला रेल्वेचं क्वार्टर, आणि मुलगी डी.एड. झालेली पाहिजे ही त्यांचीच अट. असं स्थळ राहू गावच्या त्या वस्तीवर पुन्हा चालून येणार नव्हतं. अडचण एकच होती. गेणबाचं घर माळकरी होतं आणि झुंबरबाई तर अशी कडक, की तिच्यापुढं कोणी अंड्याचं नाव काढत नसे. मध्यस्थाजवळ तिनं निरोप दिला होता, "तुमी खाणारी असाल तर असा. पोरगी आमच्यात आली की माळ घालंल. पन आमी येऊ त्या दिवशी घरात त्याचा वास बी नको."

सगुणाबाईनं तो निरोप फार मनावर घेतला. तिनं आठवडाभर आधीच मटण बंद केलं, चूल सारवली, तवा घासून पांढरा केला. मटणाचं मोठं पातेलं आणि सत्तूर शेजारी चुलतदीर हौसरावाच्या घरी नेऊन ठेवला. आता राहिला होता फक्त सायलेन्सर.

"पाटसला संपतच्या ग्यारेजात न्या गाडी," ती म्हणाली.

"संपतचं नाव काढू नगं."

हरिबानं शेवटचा कळप विकून ही जुनी पिकअप घेतली होती. मेंढरांचं दुखणंखुपणं जसं तो स्वतः बघायचा, तसंच गाडीचंही बघायचा. इंजिन खोकलं की बॉनेटला कान लावायचा. डिझेल सगुणाबाईच्या जुन्या लुगड्यातून गाळून घ्यायचा. ऑइलचा फिल्टर धुऊन पुन्हा तोच बसवायचा. व्हॉल्व्हची फट दाढीच्या ब्लेडनं मोजायचा आणि त्याच ब्लेडनं दाढी करायचा. एकदा हे सगळं पाहून संपत म्हणाला होता, "आप्पा, गाडी म्हंजी मेंढरू न्हाई. पाला वाटून पाजला की बरी व्हईल आसं नसतंय." त्या दिवसापासून हरिबानं पाटसला कितीही काम असलं तरी संपतच्या गॅरेजकडं मान वळवली नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्यानं गाडी बाभळीखाली घेतली, खाली पोतं अंथरलं आणि पाने-पकडी घेऊन गाडीखाली शिरला. सायलेन्सरचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यानं रॉकेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, मग शिव्या दिल्या. पहिला बोल्ट निघाला. दुसरा तुटला. तिसरा काही कळायच्या आत सायलेन्सरसकट खाली आला, तो थेट हरिबाच्या छातीवर.

"आप्पा, लागलं का?" पाने द्यायला बसलेल्या साधनानं वाकून विचारलं.

"लागलं न्हाई. निघाला."

बाहेर येऊन त्यानं छन्नीनं सायलेन्सरचं एक तोंड उघडलं. आत जळून काळे झालेले तंतूंचे पुंजके होते. हरिबानं एक पुंजका बोटांत धरला, चोळला. बोटं चुणचुणायला लागली. त्याचा चेहरा उजळला.

"साधने, हे बघ. कंपनीनं आत लोकर भरलीया."

"ती काचंची असती, आप्पा. तसल्या कापसासारखी."

"काच कवा मऊ आसती का? हात चावतोय बघ. कातरल्याली लोकर अशीच चावती. जलम गेला माजा त्यात."

"पन लोकर आत जळंल की."

"मेंढरू वैशाखाच्या उन्हात दिसभर उभं असतंय. पेटल्यालं बघितलंस कवा?"

हा प्रश्न डी.एड.ला आलेला नव्हता.

लोकर घरात होती. शेवटच्या कळपाची शेवटची कातरण सगुणाबाईनं माळ्यावर पोत्यात भरून ठेवली होती. साधनाचं जमलं की त्या लोकरीचं घोंगडं विणून घ्यायचं आणि जावयाच्या खांद्यावर टाकायचं, हे तिचं कधीचं ठरलेलं होतं. त्या पोत्याला ती उंदरांनाही हात लावू देत नव्हती. पण त्या वेळी ती विहिरीवर होती. हरिबा माळ्यावर चढला. मूठभर घेऊ म्हणून त्यानं पोत्याचं तोंड सोडलं. मूठभर पुरली नाही. पहारीच्या मागच्या टोकानं ठासून ठासून निम्मं पोतं सायलेन्सरात गेलं. मग त्यानं गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून फुटक्या जागी गुंडाळला, तारेनं आवळला, पट्ट्या ठोकल्या आणि सायलेन्सर जागेवर चढवला.

गाडी सुरू केली. सगुणाबाई घागर घेऊन आली आणि गाडीकडं पाहून म्हणाली, "बंद पडली व्हय?"

"चालू हाय."

तिनं घागर खाली ठेवली, बॉनेटवर हात ठेवून पाहिला. इंजिन खरंच थरथरत होतं. "कुनाकडनं करून घेतली?" तिनं विचारलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं. हरिबा नुसता हात पुसत राहिला. असा दिवस माणसाला वारंवार मिळत नाही.

रविवारी सकाळी पांढरी टोपी घालून तो दौंडला निघाला. मागच्या हौद्यात गादी घातली होती, तिच्यावर सतरंजी. गाडी जरा जड ओढत होती, पण आवाज नव्हता. पहिली वस्ती ओलांडली तोच त्याच्या नाकात वास शिरला. कोणीतरी मुंडी भाजत होतं. चुलीच्या जाळावर बकऱ्याची मुंडी आणि पाय धरले की केस जळून जो करपट वास सुटतो, तो हरिबानं झोपेतही ओळखला असता. आठवडाभर मटण बंद असलेल्या त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. रविवार आहे, लोक करणारच, असं म्हणून त्यानं गाडी पुढं दामटली. पुढच्या वस्तीवरही तोच वास. केडगावातही तोच. आज तालुक्यात एकही बकरं शिल्लक राहत नाही, असं त्याला वाटलं.

रेल्वे कॉलनीत पाहुणे तयारच होते. केबिनमध्ये हरिबाशेजारी गेणबा आणि खिडकीशी झुंबरबाई बसली. पांढरा शर्ट घातलेला हनुमंत मागं गादीवर बसला. दौंड सुटलं आणि झुंबरबाईनं नाकाला पदर लावला.

"ह्यो कशाचा वास येतुया?"

"रविवार हाय, ताई," हरिबा ओशाळून म्हणाला. "वस्तीवर भाजत्यात लोकं."

मैलभर पुढं गेल्यावर तिनं पदर जरा बाजूला केला आणि लगेच परत लावला. "हितं बी?"

"हितं बी रविवारच, ताई."

"हितं तर एक घर दिसंना. नुसता ऊस हाय."

"उसात आसत्यात तोडणीवाली," हरिबा म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला. वेग वाढवला तसा वासही वाढला. गेणबा डोळे मिटून, मान जराशी वर करून बसला होता. मधूनच मोठा श्वास घेत होता. म्हाताऱ्याला मळमळतंय, हे हरिबानं ओळखलं आणि तो आणखीच ओशाळला.

पाटसला कारखान्याच्या मळीचा वास रस्त्यावर आला. एरवी त्या वासानं लोक नाक दाबतात. झुंबरबाईनं पदर काढला आणि म्हणाली, "ह्यो बरा."

पाटस मागं पडलं, मळी मागं पडली आणि मुंडी पुन्हा आली. तेव्हा मात्र हरिबानं आरशात पाहिलं. गाडीच्या मागं निळसर धुराची लांबच लांब शेपटी निघाली होती आणि त्या धुरात हनुमंत तोंडाला रुमाल धरून बसला होता. हरिबाला एकदम सगळं कळलं. पण आता गाडी थांबवून सांगायचं काय? घर गाठायचं, गाडी लांब लावायची आणि पाहुण्यांना पटकन आत घ्यायचं, एवढंच त्यानं ठरवलं.

गाडी त्यानं लांब लावली. वारा मात्र घराकडंच वाहत होता. इंजिन बंद केलं तरी सायलेन्सरातून धूर येतच राहिला. सगुणाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात आली आणि जागीच थांबली. तिनं हवेत एकदा नाक फिरवलं, मग नवऱ्याकडं पाहिलं. ते पाहणं हरिबा लग्नापासून ओळखत होता. तेवढ्यात वस्तीवरची कुत्री आली आणि गाडीच्या मागच्या बाजूला ओळीनं, शहाण्यासारखी बसली.

त्यांच्या पाठोपाठ हौसराव आला. त्याच्या एका हातात मोठं पातेलं होतं आणि दुसऱ्या हातात सत्तूर.

"वयनी, पातेलं माझ्याकडंच र्‍हायलं की. शिजवताय कशात?" तो म्हणाला. "आन् हरिबा, मुंडी भाजायला घेतली तर एक हाळी तरी मारायची. भावकी काय मेली का?"

झुंबरबाईनं पातेलं पाहिलं, सत्तूर पाहिला, मग शांतपणे पिशवी उचलली.

"उठा वो," ती गेणबाला म्हणाली. "हनमंता, चल. एवढं एक सांगितलं व्हतं आपुन. एका दिसाचं."

दारामागं उभ्या असलेल्या साधनाच्या हातातल्या पोह्याच्या बश्या वाजल्या. हरिबानं तो आवाज ऐकला. त्यानं टोपी काढून ओट्यावर ठेवली, एक ओलं पोतं घेतलं आणि नव्या सदऱ्यासकट गाडीखाली शिरला. कुत्र्यांनी सरकून जागा दिली. खालून खटपटीचा आवाज आला, मग "आय आय" असा आवाज आला, मग तेलाच्या डब्याचा पत्रा बाहेर घरंगळला. त्याच्यामागून धुमसणारे काळे गोळे बाहेर पडू लागले.

"ही घ्या मुंडी," हरिबा खालूनच म्हणाला. "लोकर हाय. मीच भरली. सौंपाकात तसलं काय बी न्हाई, ताई. घरच्यांचा काय बी गुन्हा न्हाई."

झुंबरबाई वाकली. तिनं काडीनं एक गोळा उलटा केला, वास घेतला आणि चेहरा वाकडा केला. सगुणाबाईनंही वाकून पाहिलं. आतून न जळलेली पांढरी लोकर दिसत होती. तिच्या हातातलं ताट कललं.

"माळ्यावरची?"

गाडीखालून आणखी एक गोळा बाहेर आला.

"अवो, ती जावयाची लोकर हाय. जावयाची लोकर जाळलीत तुमी."

जावई हा शब्द अंगणात पडला आणि सगळ्यांनी एकदम हनुमंताकडं पाहिलं. अजून पोहेसुद्धा झाले नव्हते. हनुमंताचा शर्ट राखाडी झाला होता आणि रुमाल धरलेली जागा सोडून सगळं तोंड काळं झालं होतं. दारामागून हसण्याचा आवाज आला. तो दाबायचा साधनानं फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग ती बाहेर आली आणि तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

"मी सांगितलं व्हतं आप्पांना," ती म्हणाली.

"मी बी मागनं लई हाका मारल्या," हनुमंत म्हणाला आणि तोही हसला. काळ्या तोंडात दात पांढरेशुभ्र दिसले.

झुंबरबाई मात्र हसली नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. एकेक झाकण उचलल्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. पुरणाचं, आमटीचं, भाताचं. परत येऊन ती सतरंजीवर बसली आणि पिशवी बाजूला ठेवली. "पोळ्या चांगल्या लुसलुशीत झाल्यात," ती म्हणाली. त्यावर सगुणाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मग ह्या पातेल्याचं काय करू?" हौसरावानं विचारलं.

"घिऊन जावा, भावजी. पुढल्या रविवारी आना."

जेवणं झाली, बोलणं झालं, सुपारी फुटली. उन्हं उतरताना पाहुणे निघायला उठले. बायका दारात कुंकू लावत थांबल्या होत्या. हरिबा भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत रिकामा सायलेन्सर तारेनं आवळत होता. गेणबा काठी टेकत त्याच्याजवळ आला. सकाळपासून हा माणूस चार शब्दही बोलला नव्हता.

"पाव्हणं, जाताना वासाचा तरास व्हयाचा न्हाई," हरिबा म्हणाला. "आवाज तेवढा व्हईल. सांभाळून घ्या."

गेणबानं मागं वळून पाहिलं. बायको लांब होती. तो खाली वाकला.

"लोकर उरलीया का वर?"

"निम्मं पोतं हाय. त्याचं घोंगडं करतो बघा हनमंतरावांना."

"त्याला काय करायचंय घोंगडं? त्याला रेल्वेचा रग हाय." गेणबा घुटमळला. गळ्यातली माळ त्यानं बोटानं चाचपली. "आमच्यात बी बापाच्या काळात मेंढरं व्हती. ही माळ घातली तवा हनमंता रांगत व्हता. तवापासनं तोंडाला लावलं न्हाई. लावनार बी न्हाई. बोललो ते बोललो. पन वास आपून हून घेतो व्हय? तो येतो."

हरिबाचा तार आवळणारा हात थांबला.

"भरा थोडी," गेणबा म्हणाला. "आन् कालव्याच्या वाटनं घ्या गाडी. लांबनं."

केडगाव मागं पडल्यावर झुंबरबाईनं नाकाला पदर लावला.

"सगळी लोकर काढली व्हती न्हवं?"

हरिबानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि रस्त्याकडं पाहिलं. शेजारी गेणबा डोळे मिटून, मान जराशी वर करून बसला होता.

"रविवार हाय," डोळे न उघडताच तो म्हणाला. "लोकं भाजनारच."