ट्रॅस्कच्या पाठीवरचा फोन नंबर

मुलांना वाटायला आणलेली चॉकलेटं आपणच थोडी खाल्ली तर काय बिघडलं, असा विचार मनात आला की माणसानं उठून तोंडावर गार पाणी मारावं. मी मारलं नाही. मी दुसरं चॉकलेट सोललं.

त्या दिवशी हॅलोविन होतं, म्हणजे पोरं भुताखेतांचे वेष घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात तो सण. माझी बायको डोलोरेस रविवारच्या समारंभासाठी पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश करंज्या, भरायला चर्चच्या हॉलवर निघाली होती. जाताना तिनं चॉकलेटांचं भलं मोठं पातेलं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बजावलं, "अंधार पडायच्या आत दारावरचा दिवा लाव. येईल त्या पोराच्या पिशवीत मूठभर टाक. आणि नॉर्बर्ट, तू एकालाही हात लावायचा नाहीस."

"मला काय लहान पोर समजतेस?"

"पोर असतास तर प्रश्नच नव्हता. पोरांना आपण देतोच आहोत."

दिवा लावायला मी उठलो तेव्हा पातेल्यात नुसते चकचकीत कागद उरले होते. (कागद कुणी खाल्ले, असा आरोप तरी माझ्यावर होणार नव्हता.)

आता कुणी म्हणेल, मग दिवा लावायचाच नाही! आमच्या गल्लीत दिवा लागला म्हणजे 'या रे पोरांनो', आणि दिवा बंद म्हणजे घरात एक तर कुणी गेलंय, नाही तर कुणी चिक्कू राहतोय. लग्न झाल्यापासून डोलोरेसचा दिवा हॅलोविनला कधी बंद राहिला नव्हता. न्यूमोनिया झाला होता तेव्हाही तिनं अंथरुणातून ओरडून मला तो लावायला लावला होता. तो माझ्या हातून बंद राहिला असता, तर रविवारी लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाऐवजी माझी शोकसभा भरली असती. मी दिवा लावला आणि दुसऱ्याच क्षणी बेल वाजली.

तेव्हाच मला माझी बेसबॉलची कार्डं आठवली.

मी डेट्रॉईट टायगर्स या संघाच्या खेळाडूंची जुनी चित्रकार्डं जमवतो. पण मोठा संग्राहक वगैरे मुळीच नाही. मोठे लोक हातमोजे घालून कार्ड उचलतात. माझी कार्डं अशी, की ती उचलल्यावर हात धुवावे लागतात. कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ, कुणाला मिशा काढलेल्या. एका कॉफीच्या किमतीत मूठभर मिळतात, आणि विकणारा वर 'देव तुझं भलं करो' म्हणतो. डोलोरेस त्यांना भंगार म्हणते, म्हणून ती तळघरात राहतात. बुटांची दोन खोकी आहेत. एकात दुबार कार्डं, आणि दुसऱ्यावर मी ठळक अक्षरात 'खास' असं लिहिलंय.

खास खोक्यात सगळ्यांत वर एल्मर ट्रॅस्क. हा पिचर इतके गोड चेंडू टाकायचा, की समोरच्या संघाचे फलंदाज त्याला नाताळची भेट पाठवत असावेत. त्याचं कार्ड कुणालाच नको असायचं, म्हणून माझ्याकडे त्याची बरीच जमली. पण त्यातल्या एकाच्या मागे माझं नशीब लिहिलेलं होतं. बोलिंगच्या क्लबात डोलोरेस पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्या खिशात दुसरा कागद नव्हता, म्हणून तिनं ट्रॅस्कच्या पाठीवर तिचा फोन नंबर लिहून दिला. मी एकदाच फोन केला, तोही कार्ड डोळ्यांसमोर धरून. माझं त-त-प-प ऐकून तिची आई घाबरली. पुढे डोलोरेस म्हणाली, "तू नको करूस, मीच करत जाईन." आजही आमच्या घरात फोन तीच करते.

लग्नानंतर ते कार्ड हरवलं. मी ते डोलोरेसला कळूच दिलं नाही. काही वर्षांनी तळघरातल्या खोक्यात ट्रॅस्क दिसला. उलटून पाहतो तर मागे नंबर, डोलोरेसचंच अक्षर! हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संत अँथनीला मी दोन मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून लग्नाच्या दर वाढदिवसाला मी गुपचूप खाली जातो, तो नंबर वाचतो आणि माझे डोळे भरून येतात. आणि या वर्षी डोलोरेस स्वतःच म्हणाली होती, "ते फोन नंबरचं कार्ड फ्रेम करून रविवारी टेबलावर ठेवायचं. सगळ्यांना दिसू दे."

तर बेल वाजत होती. तळघरातला दिवा उन्हाळ्यापासून गेलेला होता (तो बदलण्याची जबाबदारी कुणाची, हा विषय इथे नको). मी चाचपडत दुबार कार्डांचं खोकं उचललं आणि दार उघडलं.

दारात एक चेटकीण, एक पुठ्ठ्याचा दात आणि एक समुद्री चाचा. मी प्रत्येकाच्या पिशवीत कार्डं टाकली.

"हे काय आहे?" दातानं विचारलं.

"टायगर्स! जुने टायगर्स!"

"खायचं कसं?"

"बघायचं असतं, बाळा."

दातानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चॉकलेटांऐवजी औषध वाटत होतो. पण मी थांबलो नाही. पोरं येत राहिली, मी वाटत राहिलो, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. पुढच्या पिढीला आपण काहीतरी संस्कार देतोय, असं वाटत होतं. खोकं रिकामं झालं. झाकण लावायला मी ते दिव्याखाली धरलं. झाकणावर ठळक अक्षरात 'खास' असं लिहिलेलं होतं.

मी मटकन खाली बसलो. आयुष्यभर जमवलेले टायगर्स गल्लीभर फिरायला गेले होते, त्याचं दुःख होतंच. पण ट्रॅस्क गेला होता! रविवारी पाहुणे येणार, डोलोरेस रिकामी फ्रेम पुढे करणार आणि विचारणार, 'नॉर्बर्ट, माझा नंबर कुठाय?' आणि मी सांगणार, 'एका दाताला दिला.'

परत मिळवायलाच हवा होता. पण एक पोक्त बाप्या अंधारात पोरांच्या मागे धावतो, त्यांच्या पिशव्या बघू मागतो, हे दृश्य पोलिसांना फार आवडतं. वेष घेतल्याशिवाय बाहेर पडणं शक्य नव्हतं. कपडे वाळवायच्या यंत्रावर एक पांढरी चादर घडी करून ठेवलेली होती. मी कात्री घेतली आणि डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली. चादर जरा जाड लागली, नक्षीही हाताला लागली, पण भुताला कसली आलीय कापडाची पारख! माझी टायगर्सची टोपी घालून वरून ती पांघरली आणि मी निघालो.

पहिल्याच घरी एका म्हातारीनं दार उघडलं. "अगं बाई, केवढा उंच झालाय हा! कितवीत रे बाळा?"

"आठवीत," मी आवाज बारीक करून म्हणालो.

"दूध पीत जा हो," म्हणत तिनं माझ्या हातावर चॉकलेट ठेवलं. (मी ते खाल्लं नाही. निदान तेव्हा तरी नाही.)

दुसऱ्या घराकडे वळलो तर पायाखाली काहीतरी चुरचुरलं. वाकून पाहतो तर माझा डावखुरा पिचर, पालापाचोळ्यात पडलेला! पुढे कुंपणात एक. कुणाच्या तरी कोरलेल्या भोपळ्याच्या तोंडात एक. एका पोरानं तर माझा सगळ्यात लाडका क्षेत्ररक्षक सायकलच्या चाकात अडकवला होता आणि तो फटफट, फटफट करत माझ्यासमोरून गेला. मी चादरीतल्या चादरीत हादरलो. माझा खजिना कुणी चोरला नव्हता. कुणी तो ठेवूनही घेतला नव्हता! गल्लीच्या टोकापर्यंत मी वाकत, वेचत, कण्हत गेलो. जवळजवळ सगळे टायगर्स मिळाले. ट्रॅस्क तेवढा नाही.

समोरच्या गस पापासच्या घराच्या पायऱ्यांवर त्याची नात टेसा बसली होती, मघाचा समुद्री चाचा. आजचा माल मांडून ती वाटे करत होती. गस म्हणजे आमच्या गल्लीचा प्लंबर. तो मागे खुर्चीत डुलक्या घेत होता. आणि टेसाच्या मांडीवर एल्मर ट्रॅस्क!

"बाळा," मी बारीक आवाजात म्हणालो, "ते कार्ड मला देशील?"

"मिस्टर याब्लॉन्स्की, तुमच्या सपाता दिसतायत."

मी आवाज खाली आणला. "टेसा, ते चुकून गेलं गं तुझ्याकडे."

"दिलेलं परत मागतात का? आणि मला हा आवडलाय. याचे कान आजोबांसारखे आहेत."

"काय हवं ते माग."

तिनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं. आधी माझं म्हातारीचं चॉकलेट घेतलं. मग भुताच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "आत टोपी आहे ना? ती."

ती टोपी माझ्या वडिलांनी मला दिलेली होती. मी ती काढून दिली. तेवढ्यात गस जागा झाला. "अरे, नॉर्बर्ट का? डोळ्यांवर चष्मा नाहीये माझ्या. एका फाटक्या कार्डासाठी टोपी दिलीस?"

"गस," मी कार्ड छातीशी धरून म्हणालो, "याच्या पाठीवर माझा संसार लिहिलाय."

"वा!" गस म्हणाला आणि पुन्हा झोपला.

घरी आलो तर डोलोरेस पिएरोगीचं ताट हातात घेऊन दारातच उभी. ती माझ्याकडे पाहत राहिली. ताट हळूच खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"नॉर्बर्ट," ती कुजबुजली, "तू माझ्या आईचा टेबलक्लॉथ घातलायस."

मी खाली पाहिलं. नक्षी. झालर. पोलंडमधल्या क्राकोहून बोटीतून आलेला, फक्त लग्न आणि बारशाला निघणारा, रविवारसाठी मुद्दाम धुऊन ठेवलेला टेबलक्लॉथ! आणि त्याच्या बरोबर मध्ये मी पाडलेले दोन डोळे.

ती बेशुद्ध पडणार की मी, एवढाच प्रश्न उरला होता. मी ढालीसारखं कार्ड पुढे केलं. "डोलोरेस, चिडू नकोस! मी हे याच्यासाठी केलं. तुझा नंबर! आपला नंबर!"

तिनं कार्ड उलटून पाहिलं. परत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा माझा नंबर नाही."

"असं कसं? अक्षर तुझंच आहे!"

"अक्षर माझंच आहे. नंबर गसचा आहे. तळघरात पाणी भरलं होतं, आठवतं? तू खाली बादल्या उपसत होतास आणि मला लिहायला कागद सापडत नव्हता. तुझा हा गाढव ट्रॅस्क ढिगानं पडला होता, त्यातला एक घेतला." तिनं पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून दुसरा ट्रॅस्क काढला. जुना, मऊ पडलेला. "आपलं कार्ड हे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुझी पँट धुवायला टाकताना खिशात सापडलं. तुझ्याकडे ठेवलं असतं तर राहिलं असतं का?"

इतकी वर्षं मी तळघरात बसून कुणासाठी रडत होतो, ते माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. डोलोरेसच्या डोक्यात ते लवकर शिरलं. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग ती पायरीवर बसली आणि टेबलक्लॉथच्या झालरीनं डोळे पुसत इतकी हसली, की समोर गसच्या घरातला दिवा लागला.

रविवारी सगळं साजरं झालं. टेबलक्लॉथच्या एका भोकावर केक ठेवला आणि दुसऱ्यावर फ्रेम. टेसा माझ्या वडिलांची टोपी घालून पाहुण्यांमध्ये मिरवत होती. डोलोरेसनं सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, मध्ये मध्ये माझा आवाज काढून. सगळे खो-खो हसले. एकटा गस हसला नाही. त्यानं चष्मा लावला, तळघरातला ट्रॅस्क हातात घेतला आणि त्यावरचा स्वतःचा नंबर नीट वाचला.

"दर वर्षी वाचायचास?" त्यानं विचारलं.

"हो."

"डोळ्यांत पाणी यायचं?"

मी मान हलवली. गसनं मला कडकडून मिठी मारली. "नॉर्बर्ट," तो भरल्या आवाजात म्हणाला, "प्लंबरची अशी कदर कुणी करत नाही रे."

तेव्हापासून आमच्या घरात एकच फोन मी करतो. नळ गळायला लागला की डोलोरेस स्वयंपाकघरातून ओरडते, "नॉर्बर्ट, गसला तूच बोलाव. नंबर तुला पाठ आहे."

आणि खरंच, आहे.